प्रयोगशाळेतली उदबत्ती

उरल्याच्या कारखान्यांजवळच्या बोअरचं पाणी तपासायचं नवं यंत्र सरकारी प्रयोगशाळेत आलं, तेव्हा अच्युत देशकर साहेबांनी नारळ मागवला. नवी केमिस्ट पायल म्हणाली, "सर, यंत्र सरकारी आहे. नारळ-कुंकू नको."

देशकर बुढापारा मोहल्ल्यातल्या जुन्या वळणाच्या मराठी घरातले, पण हट्टी नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पटलं तुझं. पण नियम लावायचा तर सगळ्यांना. भिंतीवरची लक्ष्मी मी काढली. आता तोही फोटो काढा."

तो फोटो बाबासाहेबांचा होता. त्याच्यापुढे शिपाई हिरालाल रोज सकाळी उदबत्ती लावत. ते गुढियारी वस्तीत पायलच्याच गल्लीत राहणारे, बौद्ध, तिला लहानपणापासून ओळखणारे.

"सर, तो धर्म नाही. ते संविधान आहे."

"मग संविधानाला उदबत्ती कशाला?"

देशकर चिडले नव्हते, खरंच विचारत होते. मग त्यांनीच मार्ग काढला: उदबत्ती बंद झाली, तर फोटो राहील.

हे सांगायला पायल गेली, तेव्हा हिरालाल काचेच्या बाटल्या धूत होते.

"काहून वं पोट्टी, लक्ष्मीले हटवता हटवता माह्यावरच आली?"

"काका, माझी पूजा करू नका, असं बाबासाहेबच म्हणाले होते ना?"

"आता मले बाबासाहेब शिकवून राहिली!" ते हसले. मग बाटली उपडी ठेवत म्हणाले, "मी काही मागत नाही त्यायले. माह्या बापाले अशाच हापिसात बाहेर उभं करून वरून पाणी देत. सकाळी मी उदबत्ती लावतो ना, तवा मले वाटते, आत आलो."

हे साहेबांना सांगावं, असं पायलला वाटलं. पण सांगून मागणार काय? उदबत्ती चालू द्या म्हटलं, तर नारळही आलाच.

शेवटी हिरालालच म्हणाले, "हव, नाही लावत. फोटो राहू दे."

यंत्र नारळाशिवाय सुरू झालं. नियम सगळ्यांना सारखा लागला, आणि पायलच्या मते तो बरोबरही होता. दुसऱ्या सकाळी हिरालालनी कुलूप उघडलं, फोटोसमोर थांबले आणि मागे वळले.

"नुसते हात जोडले तर चालते ना, मॅडम?"

ते टोमणा मारत नव्हते. पायल हो म्हणाली. त्यांनी विचारावं आणि आपण हो म्हणावं, याची तिला लाज वाटली.