नणंदेचा ठोसा

माझा काता बघून सर कधी काही बोलत नसत, आणि सर बोलले नाहीत म्हणजे उत्तम, हे कराटेच्या क्लासात सगळ्यांना ठाऊक. काता म्हणजे एकटीने हवेशी करायची लढाई: कुठे वळायचं, कुठे अडवायचं, सगळं ठरलेलं. शिलाईच्या दुकानात इस्त्री तापेपर्यंतही मी तो करून घ्यायचे. काळ्या पट्ट्याची परीक्षा पास झाले की सकाळचा मुलींचा वर्ग मला मिळणार होता. मला तो हवाच होता. जन्मभर लोकांच्या बाह्या आखूड करत बसायची माझी तयारी नव्हती.

जोडीच्या सरावाला माझी नणंद असायची. ठोसा तिचा, अडवणं माझं. एका संध्याकाळी सरांनी मला हात खाली ठेवायला सांगितलं आणि तिला म्हणाले, मारा. तिने मारला. मी तसूभरही हलले नाही, तरी ठोसा कानाजवळून निघून गेला.

"ह्यांनी तुम्हाला कधी मारलंच नाहीये," सर म्हणाले. "तुम्ही अजून हवाच अडवताय."

माझं डोकं सणकलं. बाहेर पायऱ्यांवर तिला गाठलं तर ती रडकुंडीला आलेली. तुम्ही अडवलंत की किती खूश व्हायचात वहिनी, म्हणाली. तेच जास्त झोंबलं.

"उद्यापासून नाकावर मार. लाड करायचे ते घरी कर."

दुसऱ्या दिवशी माझा ओठ फुटला. कात्यात हाताआधी मागचा पाय तिरका सरकतो. तो मी आजवर नुसता शोभेला सरकवत होते. खरा ठोसा आल्यावर कळलं, पाय चुकला की हात पोचतच नाही. मग घरी काता पुन्हा घोटला, समोर तिची मूठ आहे असं धरून. नवऱ्याने ओठाचं विचारलं, तर म्हटलं, तुझ्या बहिणीला विचार.

परीक्षेत बोलायला बंदी, बोललं की गुण जातात. नणंद समोर उभी राहिली आणि तिची नजर माझ्या कानाकडे वळली. मी पास व्हावं म्हणून ही पुन्हा बाजूला मारणार, हे मी ओळखलं.

"नाकावर," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

तिने दात आवळून मारला. माझा पाय सरकला, हात पोचला, आणि समोर कुणीच न सापडल्याने ती तोंडघशी पडता पडता वाचली.

गुण कापले गेले, तरी मी पास झाले. आता सकाळी मुलींना दाखवायला ती मला रोज मारते, आणि अगदी मनापासून मारते.