बिनपाण्याचे दिवस

चिखलीत पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी महजबीन मोरीतलं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते बेताने उतरायचं. पण हल्ली बिनपाण्याच्या संध्याकाळी ती शिवणकामावरून परतायची तेव्हा तांब्या घेऊन तिला पिंपात पार कंबरेतून वाकावं लागे. झाकण तर घट्ट असे. झाकलेलं पाणी आपोआप उडून जात नाही.

तिचा नवरा तौसीफ शिकलगार चाकणला एका कारखान्यात रंगवलेल्या गाड्या तपासायचा. पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यातून गाड्या संथ सरकत, आणि ओल्या वाटणाऱ्या बॉनेटवर उजेडाच्या लांब रेघा पडत. रेघ जिथे थरथरते तिथे रंगात दोष. पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आला की मिटल्या डोळ्यांतही त्या रेघा तरंगत राहायच्या. त्या पुसायला म्हणून तो फोन उघडायचा. निदान सुरुवात तशी झाली होती. मग रेघांच्या जागी शरीरं तरंगू लागली. त्यांना चेहरे नव्हते, किंवा त्याने ते कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर गुस्ल. शरीरसुख एकट्याने घेतलं तरी डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग धुतल्याशिवाय नमाजेला उभं राहता येत नाही. तो तांब्यामागून तांब्या ओतायचा आणि सारं मोरीच्या जाळीतून वाहून गेलं, असं त्याला दर वेळी खरंच वाटायचं. मग तो असरची, दुपार कलल्यावरची नमाज पढायचा. पुढच्या दुपारी पुन्हा तेच.

एका संध्याकाळी महजबीन ओला टॉवेल मांडीवर घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"सकाळी आंघोळ करून गेलात. दुपारी पुन्हा गुस्ल. माझ्यामुळे तर नाही ना? इथे येते, की तुम्ही जाता?"

कंपनीत घाम येतो, हे उत्तर तौसीफच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. खिशातून फोन काढून तिच्यासमोर फरशीवर ठेवला.

"ही."

तिने फोन उचलला, उलटसुलट केला आणि पुन्हा फरशीवर ठेवला.

"बाई असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या," ती म्हणाली. "याचं काय धरू?"

"मी तौबा करतो."

"ती तर रोजच करत असाल."

तिने मांडीवरचा टॉवेल मोरीत पिळला.

"आणि रोज मी भरलेल्या पाण्याने धुता." ती उठली. "मंचरला अम्मीकडे जायचं की राहायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. तोवर हे पाणी असल्या आंघोळीला मिळणार नाही. लागलं तर खालच्या बोअरवरून कॅन भरून आणा. उजेडात. जिन्याने."

फोन फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी राहू लागला. तरी काही दुपारी तो तिथून उतरलाच. त्या दुपारी तौसीफ दोन्ही हातांत कॅन घेऊन जिना चढायचा. तळमजल्यावरच्या आक्काबाई दारात मेथी निवडत बसलेल्या असत.

"बघा गं, शिकलगारांचा माणूस!" त्या साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. "बायकोला एक थेंब उचलू देत नाही. आमच्या ह्यांनी कधी पेला विसळला नाही!"

त्याची मान जळायची. एकदा महजबीन कामावरून लवकर परतली, तेव्हा तिने गॅलरीतून हे ऐकलं. ओढणी तोंडावर दाबून ती हसली, आणि हसता हसताच आत निघून गेली.

तौसीफला मग रिकाम्या घराचीच भीती वाटू लागली. कंपनीच्या बसमधून उतरला की तो सरळ ती काम करायची त्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसे. मशिनी घरघरत, हवेत सुती कापडाचे बारीक तंतू उन्हात सावकाश फिरत, खाली पडायला विसरल्यासारखे. तो स्टुलावर बसून ब्लाउजांचे धावदोरे उसवायचा. मालकीणबाई म्हणायच्या, "पगार नाही हं मिळणार." एकदा सुईत दोरा ओवताना महजबीनने डोळे बारीक केले, आणि तिच्या डाव्या भुवईतला तीळ त्याला दिसला. तो नवा नक्कीच नव्हता. तौसीफ कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. दिसलीस."

पुढे कॅन जिन्याखाली पडून राहिले. त्यांच्यावर धूळ बसली. एका बिनपाण्याच्या संध्याकाळी दोघं दुकानातून परतताना आक्काबाईंनी हटकलं.

"काय हो, हल्ली पाणी भरताना दिसत नाही तुम्ही? भांडलात की काय?"

तौसीफच्या मागून महजबीन म्हणाली, "भांडण मिटलं, आक्का. म्हणून."

आक्काबाई मेथीची काडी हातात धरून विचार करत राहिल्या.

वर येऊन तौसीफने वजूसाठी, नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला, पिंपाचं झाकण काढलं. पाणी बरंच वर होतं. मोरीच्या खिडकीतला उजेड त्यावर एक सरळ, अखंड रेघ होऊन पडला होता. त्याने तांब्या बुडवला. रेघेचे तुकडे झाले, काठाकडे पळाले. तो थांबला. तुकडे सावकाश परतले, एकमेकांना लागले, आणि रेघ पुन्हा जुळून आली.

"आटपा," बाहेरून महजबीन म्हणाली, "मलाही वजू करायचंय."