‘दाढी’ या कथेची मध्यवर्ती कल्पना

गाईडं छापणाऱ्या कचेरीत, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमागे, खळीच्या वासात बसून थोडक्यातराव उभा जन्म एकच काम करत आले होते. लेखकाने दहा पानांत जे सांगितले, ते आपण एका वाक्यात सांगायचे. कवितेची मध्यवर्ती कल्पना, कथेचा आशय, नाटकाचा संदेश, सगळे पाच मार्कांपुरते. बोलतानाही ते ‘थोडक्यात’शिवाय तोंड उघडत नसत. त्यावरून मालकांनी एकदा हे नाव पाडले आणि ते कायमचे चिकटले. पाकिटावर खरे नाव वाचून पोस्टमनच गोंधळायचा.

मालकांचा नियम एकच होता. “शेवट गोड करा हो. गाईडं पोरं वाचतात, पण विकत आया घेतात.”

त्यामुळे रावांच्या टेबलावरून कुठलाही लेखक दुःखी होऊन परत गेला नाही. नायक मेला की ते त्यागाचे दर्शन, नायिका वेडी झाली की स्त्रीमनाची अथांगता, गाव ओस पडले की बदलत्या काळाचे भान. लेखकांकडून तक्रार अशी कधी आली नाही. बरेचसे वारलेले होते.

रावांचा मुलगा घर सोडून गेला त्याला आता तीन वर्षे होत आली होती. भांडण कशावरून पेटले ते नवराबायकोला नीट आठवत नव्हते, विझले कसे ते मात्र लख्ख आठवत होते. राव म्हणाले होते, “थोडक्यात, तुला या घरात राहायचं नाही.” मुलगा म्हणाला, “हो.” आणि बॅग भरायला आत गेला. दूरच्या एका शहरात तो पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागला. आईने फोन केला की उचलायचा, तब्येत विचारायचा, हवा कशी आहे ते सांगायचा. येतो म्हणून मात्र चुकूनही म्हणायचा नाही. आईला दिवसभर एवढी एकच काळजी पुरत असे: हा येईल का?

अशात एका मासिकात त्याची कथा छापून आली. नाव ‘दाढी’. शेजारणीने मासिक आणून दिले. आईने कथा दोनदा वाचली, पदराला डोळे पुसले आणि राव कचेरीतून येताच मासिक त्यांच्या हातात दिले.

“अहो, तुमचा तर धंदाच आहे. नीट वाचा आणि मला सांगा, यात त्याला काय म्हणायचंय?”

कथा चार पानांची होती. एकट्याने राहणारा एक तरुण रोज सकाळी दाढी करतो. एक दिवस त्याला आरशात स्वतःच्या हनुवटीऐवजी बापाची हनुवटी दिसते. पुढच्या आठवड्यात बापाचे ओठ, मग कपाळावरची आठी. तो दाढी वाढवतो, तर वरून बापाचे डोळे बघतच राहतात. शेवटी तो आरसा उतरवतो आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला देऊन टाकतो. शेवटची ओळ होती: ‘आता खोलीत मी एकटाच आहे.’

राव मुरलेले गडी. पहिल्या पानावरच त्यांना कथा कळली होती. चौथ्या पानापर्यंत ते केवळ सवयीने गेले.

“एकटाच आहे, असं लिहिलंय हो त्यानं,” बायको म्हणाली. “वाईट वाटत असेल का त्याला? आपली आठवण येत असेल का?”

रावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर आई उभी होती, आणि मालकांचा नियम हाडात मुरलेला होता.

“थोडक्यात,” ते म्हणाले, “पितापुत्रांमधील अतूट नात्याचं हृद्य दर्शन घडवणं, ही या कथेची मध्यवर्ती कल्पना आहे.”

बायकोने ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले. चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला.

“मग जाऊ या की आपणच! तो मोकळेपणानं थोडाच बोलवणार? तुमच्यावरच गेलाय.”

हे रावांच्या हिशेबात नव्हते. त्यांनी लिहिलेल्या मध्यवर्ती कल्पना हजारो पोरांनी पाठ केल्या होत्या, पण खरे-खोटे करायला आजवर कुणी बसचे तिकीट काढले नव्हते.

मुलगा दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दार उघडले तेव्हा आईने आधी दाढी पाहिली आणि मग तो कुठे आहे ते शोधले. “या, बसा,” तो म्हणाला. होती ती एक खुर्ची आईला दिली, बाबांना खाट दाखवली आणि स्टोव्हवर चहा ठेवला. आदबशीर. असे पाहुण्यांशी वागतात.

प्रवासात विस्कटलेले केस सारखे करायला आई बेसिनपाशी गेली. समोर एक खिळा होता आणि खिळ्याखाली भिंतीचा एक चौकोनी तुकडा, बाकी भिंतीपेक्षा उजळ.

“आरसा कुठंय रे?”

“न्हाव्याला दिला. कथेत आहे की.”

“ते कथेत झालं. खरंच दिलास?”

“खरंच दिला.”

आईने फणी पिशवीत ठेवली. मग परीक्षेला उभे राहावे तशी उभी राहून तिने पाठ केलेले वाक्य म्हटले, अतूट नात्यापासून हृद्य दर्शनापर्यंत, कुठेही न अडखळता. “तुझे बाबा म्हणाले असं.”

मुलगा हसला. त्यात कुजकेपणा नव्हता, हेच रावांना जड गेले.

“बाबा, कोणत्या परिच्छेदात?”

“शेवटच्या ओळीत,” राव म्हणाले. “‘एकटाच आहे’ यात एक प्रकारची… आर्तता आहे.”

“आई, ती ओळ लिहिताना मी शीळ वाजवत होतो.”

स्टोव्ह फुरफुरत होता. आई एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे बघत होती.

“मग कशाबद्दल आहे रे ती कथा?”

“बाबांना माहीत आहे. सांगा ना बाबा. पाच मार्क.”

रावांनी घसा साफ केला. “मुलाला बापासारखं व्हायचं नाही,” ते म्हणाले. “पण तो होत चाललाय. म्हणून त्याला बापाचं तोंड बघायचं नाही. स्वतःच्या आरशातसुद्धा.”

“अचूक,” मुलगा म्हणाला.

खोटे कशाला बोला, क्षणभर रावांची छाती फुगली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुठल्यातरी कथेबद्दल खरे वाक्य उच्चारले होते, आणि तेही खुद्द लेखकाने तपासून. मग त्यांनी बायकोकडे पाहिले.

“मी आहे का त्या कथेत?” तिने मुलाला विचारले.

तो चहा गाळत राहिला. “कथा लहान होती, आई.”

“घरी चल. मी घरातले सगळे आरसे काढून टाकते. माझं काही अडत नाही.”

“आई,” तो अगदी हळू म्हणाला, “घरात बाबा आहेत ना.”

चहा पिऊन झाला. मुलाने स्टँडपर्यंत येऊन दोघांना खिडकीशेजारची जागा धरून दिली, आईच्या पायांना हात लावला, बाबांना “जपून जा” म्हणाला आणि बस सुटायच्या आतच वळला. शिफ्ट होती.

बस शहराबाहेर पडली. पिशवी मांडीवर घट्ट धरून बायको पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत होती. राव दोन-तीनदा ‘थोडक्यात’पर्यंत आले आणि तिथेच थांबले.

“अहो,” ती एकदम म्हणाली, “लग्नानंतर मी बाहेरून परीक्षेला बसले होते ना? तुमच्याच गाईडावर. त्यात तो धडा होता बघा, ती बाई धक्क्यावर नवऱ्याच्या बोटीची वाट बघत बसते तो. तुम्ही लिहिलं होतंत, ‘आशेचा अंतिम विजय’. मूळ धडा मी काही वाचला नव्हता.” तिने तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिले. “ती बोट येते ना हो?”

मालक इथे नव्हते. शेजारी आई होती, पण आता ती गाईड विकत घेणारी नव्हती.

“नाही,” राव म्हणाले.

“तसं लिहिलंय धड्यात?”

“स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्याच पानावर बुडते.”

“आणि तिला कळतं?”

“सगळ्या गावाला कळतं. तिला कुणी सांगत नाही.”

बायकोने मान हलवली. कंडक्टर येऊन तिकिटे बघून गेला. गाव यायला अजून पुष्कळ अवकाश होता. ती थोडी सरसावून बसली आणि तिने त्यांना पुढचा धडा विचारला.