एक वाजताची सभा

आमच्या क्लबची वार्षिक सभा सामन्याच्या दिवशीच भरते. सभा एकला, सामना तीनला. नव्या मालकाने क्लब घेतल्यावर पहिलं काम केलं ते हे. आम्ही खूश झालो. एका खेपेत दोन कामं, बसभाडं वाचलं, माणूस विचार करणारा आहे म्हणालो. विचार करणारा होताच. आम्ही नव्हतो.

गेल्या वर्षी पहिला विषय होता गोलकीपर विकायचा की ठेवायचा. शेवटचा होता सरावाचं मैदान. आम्ही पन्नास-साठ माणसं गोलकीपरवरून दीड तास भांडलो. जो तो त्याची किंमत अशी सांगत होता की जणू घरी तराजूत घालून आलाय. पावणेतीनला बाहेर ढोल सुरू झाले आणि आम्ही उठलो. आत उरले क्लबचे चौदा नोकर. त्यांना मालकानेच सभासद करून घेतलंय. चौदा हात वर गेले आणि सरावाचं मैदान गेलं. त्या दिवशी आम्ही दोन-एकने जिंकलो, गात घरी गेलो. विक्रीचं कळलं गुरुवारी, फाटकावर डकवलेल्या कागदावरून. आज तिथे मालकाच्या फरश्यांचं गोदाम आहे.

चोराला शिव्या देणं सोपं असतं. दार सताड उघडं टाकून गाणी म्हणत निघून गेलो ते आपण, हे सांगताना जीभ जड होते. म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी नळकाम करतो. मला सगळे पान्या म्हणतात. माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं क्लबच्या जर्सी धुते. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची धुलाईखोली आहे: दोन मोठी यंत्रं, एक सिमेंटची मोरी, वर तारा. छत तिरकं, कारण वर पायऱ्या. गोल झाला की छतातून चुना पडतो. कोणत्या बाजूने गोल झाला हे ताई चुन्यावरून ओळखते. आपला असेल तर जास्त पडतो.

यंदा सभेच्या आठ दिवस आधी तिची मोरी तुंबली म्हणून गेलो. मी गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत फेसात. ताईने माझ्या नाकासमोर कागद धरला.

"वाच."

"हात बघ माझे."

"मग ऐक. पहिला विषय, नवा स्ट्रायकर. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, असेच फुटकळ. सहावा, मुख्य मैदान मालकाच्या दुसऱ्या कंपनीला विकणे. सामने पुढच्या वर्षापासून भाड्याच्या मैदानावर."

"कुठून आणलास हा कागद?"

"आम्हा नोकरांना आधीच देतात. हात कधी वर करायचा ते कळायला."

मी मोरीतून हात बाहेर काढला. तिने टॉवेल फेकला.

"भाड्याच्या मैदानावर धुलाईखोली नाहीये," ती म्हणाली. "कपडे बाहेर ठेकेदाराकडे जाणार. मला म्हणाले, तुम्हाला फाटकावर बसवू, तिकिटं फाडायला. चौदा दिवसांतून एकदा सामना. चौदा दिवसांतून एकदा पगार."

"असं कसं होईल? या वेळी कुणी उठणार नाही. मी बघतो."

"तू?" ती यंत्रातून मोजे काढत होती. "आपल्या आईच्या वाढदिवसाला तू पावणेतीनला ताटावरून उठला होतास. आईने हात धुवायलासुद्धा सांगितलं नाही, उशीर झाला तर पळताना पडशील म्हणून."

मी मोरी साफ केली आणि निघालो.

बुधवारी दुपारी बेकरीवाल्याच्या भट्टीमागच्या खोलीत बैठक बसली. भट्टी विझलेली होती, पण भिंत अजून गरम होती, तिला पाठ लावून बसलो. पोस्टमनकाका आले. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आमच्या चाहता मंडळाची पत्रं अजून स्वतः घरोघर नेऊन देतात. एकतीस वर्षांत एकाही घरच्या सामन्याची पहिली शिट्टी त्यांनी चुकवलेली नाही.

काकांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "क्लबवर कर्ज आहे म्हणून मैदान विकायचं म्हणतात. कर्ज कुणाचं? मालकाचं. आधी त्यानेच क्लबला उसने पैसे दिले. आता ते फेडायला मैदान विकायचं. घेणार कोण? तोच. म्हणजे स्वतःच्या एका खिशातून काढून स्वतःच्याच दुसऱ्या खिशात ठेवणार, आणि मधल्या मधे आपलं मैदान त्याचं."

"पण कर्ज खरं आहे ना?" बेकरीवाला म्हणाला.

"खरं आहे. दरवर्षी पोरं विकतो आणि म्हातारे गडी विकत घेतो, मग दुसरं काय होणार?" हे मी म्हणालो. आमच्या क्लबचं धोरण एका वाक्यात हेच आहे. एकोणीस वर्षांचा चांगला पोरगा तयार झाला की मोठ्या क्लबला विकायचा, आणि त्या पैशात गुडघ्याला पट्टा बांधलेला बत्तीस वर्षांचा गडी आणायचा.

"हे बघ," बेकरीवाला शांतपणे म्हणाला, "मैदान गोल करत नाही. मी सव्वीस वर्षं खालच्या विभागातला फुटबॉल बघतोय. मरण्याआधी एकदा वरच्या विभागात आपली जर्सी बघायचीय. त्यासाठी भाड्याच्या मैदानावर उभं राहावं लागलं तर राहीन. उन्हात राहीन."

"आणि दोन वर्षांनी भाडं थकलं की?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं तर बघेन."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. मालकाच्या पैशाला भुललेला असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. त्याला फक्त एक चांगला हंगाम हवा होता. मला काय दुसरं हवं होतं?

शेवटी काकांनी वही उघडली. "जमीन विकायला हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश हात लागतात. म्हणजे तिघांत दोघं. त्यांचे चौदा ठरलेले. आपले सात राहिले तर एकविसात चौदा, बरोबर दोन तृतीयांश, ठराव पास. आपले आठ राहिले की पडला. नुसते आठ. उपाय सोपा आहे. स्ट्रायकरवर कुणी एक अक्षर बोलायचं नाही. पहिले पाच विषय अर्ध्या तासात संपतील, सहावा दीड वाजता येईल, तेव्हा सगळेच असू."

"तोंडाला कुलूप," मी म्हणालो.

"तुझ्याच तोंडाचं विचारतोय," काका म्हणाले.

मी शब्द दिला. बेकरीवाला म्हणाला, "मी विकण्याच्या बाजूने हात वर करणार नाही. तुमच्या बाजूनेही करणार नाही. ढोल वाजले की मी जाणार."

सभा क्लबच्या वरच्या दालनात. लोखंडी खुर्च्या, एक लांब टेबल, खिडकीतून खाली मैदान दिसतं. ही खिडकीही मालकाचीच सोय. चौदा नोकर डावीकडच्या दोन ओळींत, ताई दुसऱ्या ओळीत टोकाला. आम्ही त्रेपन्न. मालक गोड माणूस आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्रत्येकाला नावाने हाक मारतो, आवाज कधी चढत नाही.

त्याने पहिला विषय वाचला. स्ट्रायकर. वय तेहेतीस. मागच्या हंगामात पाच गोल, त्यातले तीन पेनल्टीवर. किंमत चार वर्षांच्या हप्त्यांनी.

चार वर्षांच्या. म्हणजे तो सदतिसाचा होईल तेव्हा शेवटचा हप्ता. मी खुर्चीची कड धरली. पोस्टमनकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मालक म्हणाला, "यासाठी आपण डाव्या बाजूचा तो पोरगा देतोय. सभासदांचं काही म्हणणं?"

डाव्या बाजूचा पोरगा. वीस वर्षांचा. त्याचा पहिला गोल मी पाहिलाय. मी उठून उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही.

पंचवीस मिनिटं बोललो. सात वर्षांत विकलेला प्रत्येक पोरगा, आणलेला प्रत्येक म्हातारा गडी, कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, कोण किती सामने बाकावर बसला, सगळं काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरे उठले. कुणी म्हणालं पोरगा द्या पण गोलकीपर परत आणा. कुणी म्हणालं स्ट्रायकर नको, मधल्या फळीत माणूस हवा. मालकाने स्वतः उठून माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. "बोला, बोला," म्हणाला, "सभा त्यासाठीच आहे." तो ग्लास मी पिऊनही टाकला. मूर्ख माणसाला तहानही वेळेवर लागते.

मी शेवटी खाली बसलो तेव्हा काकांनी घड्याळ माझ्या बाजूला वळवलं. दोन वाजून पाच. अजून सहाजण बोलायचे होते.

पाचवा विषय संपला तेव्हा पावणेतीन झाले होते. खाली ढोल. खिडकीतून पोरं मैदानात येताना दिसली. खुर्च्या सरकल्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. "थांबा, सहावा विषय मैदानाचा आहे. दहा मिनिटं." मला वळसा घालून लोक गेले. एकजण खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मस्त बोललास." बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या पायावर पाय पडला तेव्हा "चुकलं" म्हणाला.

उरले सात. मी, काका, आणि जिन्यावरून धावणं झेपत नाही असे पाच म्हातारे.

मालकाने मोजलं. त्याला मोजायची गरज नव्हती, पण तो व्यवस्थित माणूस. मग सहावा विषय वाचायला घेतला, सावकाश, प्रत्येक कलम. खाली पहिली शिट्टी झाली. काका खुर्चीतच होते. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं आणि मान परत टेबलाकडे आणली. एकतीस वर्षं त्या एका हालचालीत गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

"मतदान घेऊ," मालक म्हणाला.

ताई उठली.

"साहेब, मी जाते."

"दोन मिनिटं, ताई. हात वर करा आणि जा."

"पहिल्या हाफला पोरं भिजतात. हाफटाइमला कोरड्या जर्सी लागतात. अठरा जर्सी अजून यंत्रात आहेत."

"आज सभा होती, मग आधी करून ठेवायचं."

"सभा तुम्ही सामन्याच्या दिवशी ठेवली," ताई म्हणाली. आवाज अगदी कामावरचा. "माझं काम सामन्याच्या दिवशीच असतं."

ती माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार लागलं.

मालकाने हातातला कागद टेबलावर ठेवला. मग हात मागितले. तेरा. हजर वीस. मालकाशेजारी बसलेल्या त्याच्या वकिलाने कागदावर भागाकार केला, पुन्हा केला आणि मालकाच्या कानात सांगितलं.

"ठराव नामंजूर," मालक म्हणाला, तसाच गोड. "तीन महिन्यांत विशेष सभा घेऊ. तारीख कळवेन." आणि निघताना त्याच सुरात एका नोकराला म्हणाला, "ताईंना सोमवारी दहाला भेटायला सांगा."

मी पळत खाली गेलो. धुलाईखोलीत वाफ होती. ताई तारेवर जर्सी टाकत होती.

"पडला," मी म्हणालो.

"कळलं. पळतोयस म्हणजे पडलाच असणार."

"सोमवारी तुला बोलावलंय."

"बोलावू दे." तिने चिमटा तोंडातून काढला. "पंचवीस मिनिटं, रे? मोजली मी. पंचवीस मिनिटं तो पोरगा, तो गुडघा. तुला एकदाही वाटलं नाही की आपली बहीण समोर बसलीय?"

"वाटलं."

"कधी?"

"पाणी प्यायल्यावर."

ती हसली नाही. "पुढची सभा कधी?"

"तीन महिन्यांत. तारीख तो ठरवणार."

"तोच ठरवणार?"

मग मला आठवलं, म्हणजे काकांनी जिन्यात सांगितलेलं डोक्यात शिरलं. वीस सभासदांनी लिहून दिलं तर विशेष सभेचा वार आणि वेळ सभासद ठरवतात. नियम पहिल्यापासून आहे. कुणी वापरलेला नाही, कारण आम्ही नियमावली कधी वाचली नाही; आम्ही खेळाडूंच्या किमती वाचतो.

काकांनी कागद लिहून दिला: विशेष सभा मंगळवारी संध्याकाळी सहाला, सामना नसलेल्या आठवड्यात. मी दुसऱ्या हाफभर पायऱ्यांवरून फिरलो. माणसागणिक वाकून सांगायचं, कागद पुढे करायचा. आम्ही एका गोलने मागे होतो. "बाजूला हो रे." "आत्ताच सुचलं का?" "पान्या, खाली बस, नाहीतर तुलाच विकतो." एकाने तर माझ्याकडे न बघता सही केली आणि नंतर विचारलं कशाची ते. मी त्याला सगळं परत सांगितलं. गेल्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं तर मीही असाच मान वाकडी करून त्याच्या मागचं मैदान बघितलं असतं.

बेकरीवाला सर्वांत वर उभा होता.

"तारखेची सही आहे," मी म्हणालो. "मैदानाची नाही. तुझं मत तू तिथे येऊन मांड. मोठ्याने मांड."

"तू मला बोलू देशील?"

"पंचवीस मिनिटं."

त्याने सही केली. शेवटच्या शिट्टीपर्यंत तेवीस झाल्या. आम्ही हरलो.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी कागद द्यायला कचेरीकडे निघालो, तर ताई फाटकात उभी. भेटीची वेळ दहाची. तिने कागद मागितला, वाचला, पेन मागितलं.

"तुझी लागत नाही," मी म्हणालो. "तेवीस झाल्यात. वीस पुरे होत्या."

"लागते म्हणून करत नाहीये."

"आत जाऊन त्याच्यासमोर बसायचंय तुला. आणि हा कागदही त्याच्याच टेबलावर जाणार."

"म्हणूनच दे."

मी दिला नाही. तिने माझ्या हातातून काढून घेतला, भिंतीला टेकवून चोविसावी सही केली, नाव नीट वाचता येईल असं लिहिलं, आणि कागद माझ्याकडे न देता स्वतःच घेऊन आत गेली.