दोन्ही स्पीकर उलटे

भाची पुस्तकावर वैतागली होती. एका पानावर लिहिलं होतं की इलेक्ट्रॉनच्या अख्ख्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढ-उतारांची वेळ, कितीही सरकवा, काडीचा फरक पडत नाही. आणि पुढे बघावं तर फेजशिवाय एकही गणित सुटत नव्हतं!

"हात्तिच्या, एवढंच?" मामा म्हणाला. तीस वर्षं तो सभागृहांत स्पीकर लावत होता, आणि तारा उलट्या जोडणाऱ्याचा चारचौघांत उद्धार करत होता.

त्याने घरच्या हॉलमधल्या दोनपैकी एका स्पीकरमागे हात घातला आणि न बघताच, सराईतपणे, लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली. गाणं लागलं, पण ड्रमचा दणका गायब!

"एकेकटे ऐक, दोघेही ठणठणीत. एकत्र वाजले की हा हवा ढकलतो तेव्हा तो ओढतो."

"म्हणजे इलेक्ट्रॉन दोन वाटांनी येऊन स्वतःलाच भेटतो, तेव्हा त्या दोन वाटांमधला फरक दिसतो! आणि दोन्ही स्पीकर उलटे जोडले तर?"

"कुणालाच कळणार नाही. पण तसं फक्त गाढवच जोडेल."

भाची दुसऱ्या स्पीकरमागे वाकली. त्याला मामाने हातही लावला नव्हता, तरी त्याची लाल तार काळ्या खुंटीत होती.

"मामा, हे स्पीकर कुणी जोडले?"

"मीच. तुझ्या जन्माच्या वर्षी. का गं?"

"काही नाही. आत्ता तू एक सुलटा केलास, म्हणून दणका गेला. एकोणीस वर्षं दोन्ही उलटे होते, आणि तुझ्या कानांनाही पत्ता नाही. पुस्तक बरोबर आहे."