उत्तरेकडचं बेट

जयमालाच्या डाव्या हातावर कोड होतं, आणि सानपाड्याच्या त्या सोसायटीत अठरा वर्षं काढूनही ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. भर मे महिन्यातही कुर्त्याची बाही मनगटापर्यंत, वर बटण. "उन्हाची ॲलर्जी," एवढं सांगितलं की बायका गप्प बसायच्या. नाहीच बसल्या, तर जयमाला भाजीच्या भावावर घसरायची. त्यावर मात्र सगळ्यांनाच बोलायचं असे.

तिच्या मनालीची मित्रमंडळी दर रविवारी सकाळी क्लबहाउसात जमायची. एकानं गोष्ट पुढं न्यायची, बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी चेटकीण होऊन फासे टाकायचे, असा त्यांचा खेळ. गोष्ट सांगणारा निखिल. त्यानं आपल्या राज्याचा नकाशा काढला तो पुरीसारखा गोल. मनाली म्हणाली, "आई, तूच काढ गं. याच्या राज्यात बोट बुडवली तर रस्सा लागेल."

व्हिडिओ बघून बघून जयमालानं आठवड्याभरात नकाशे करायचं सॉफ्टवेअर आत्मसात केलं. पण त्यातले तयार किनारे तिला पटेनात. कसे कात्रीनं कापल्यासारखे गुळगुळीत. मग कळलं, की आपला एखादा फोटो धूसर करून वर अंथरता येतो आणि त्यावरून गिरवता येतं. हात्तिच्या! लग्नाआधी टाचणीनं भोकं पाडलेल्या कागदावर घासलेट-निळीचा बोळा फिरवून तिनं किती उशांवर मोर उतरवले होते. दोऱ्यानं भरून झालं की छाप धुऊन टाकायचा, बस्स.

फोटो कशाचा घ्यायचा? हिरव्या बांगड्या मनगटाकडे सारताना हातच समोर आला. गव्हाळ रंगात पांढरी बेटं, त्यांचे असे दंतुर काठ की मुद्दाम काढू म्हटलं तर जमू नयेत. इतकी वर्षं ती त्या डागांवर फक्त पहारा करत आली होती. वाढला का, सरकला का. त्या दुपारी तिनं त्यांच्यात खाड्या शोधल्या. दोन सापडल्या, चांगल्या खोल.

रविवारी ती आप्प्यांचा डबा घेऊन क्लबहाउसात शिरली, तर नकाशा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर. छाप धुवायचा राहिला होता! फोटो बंद न करताच तिनं नकाशा पाठवला होता, आणि निळ्या समुद्रावर पुसटसं तिचं मनगट पसरलं होतं.

मुलं मात्र रंगात आली होती.

"ही निळी रेघ म्हणजे नदी ना, काकू?" निखिलनं विचारलं. ती शीर होती.

"आणि दक्षिणेला ह्या दोन हिरव्या कमानी? तटबंदी?" भाविका पुढं सरकली. "कसली भारी आयडिया!"

त्या बांगड्या मनालीनं ओळखल्या. तिचा चेहरा उतरला. "अरे, ते चुकून राहिलंय. थांबा, काढते मी," म्हणत ती लॅपटॉपकडे झेपावली.

"हात नको लावूस हं!" भाविकानं लॅपटॉप ओढून घेतला. "काकू, पण उत्तरेला काय आहे? आम्हाला आज तिकडंच जायचंय आणि नकाशा मध्येच संपतो."

समुद्र आहे म्हटलं असतं तर भागलं असतं. जयमालाच्या तोंडावर आलंही होतं ते.

"फोटो तेवढाच काढला होता मी," ती म्हणाली.

"म्हणजे खरी जागा आहे?" निखिल उठलाच. "कुठं आहे काकू?"

मनाली आईकडे बघत मान हलवत होती. नको, नको. जयमालानं डबा टेबलावर ठेवला. बटण घट्ट होतं, दोनदा निसटलं. मग तिनं बाही कोपराच्या वर सारली.

"उत्तरेला हे एक नवं आलंय. दिवाळीनंतर," ती म्हणाली. "अजून याला नाव नाही."

निखिलची नजर टीव्हीवर गेली, हातावर आली, परत टीव्हीवर गेली. मग त्यानं पेन्सिल उचलली.

"काकू, जरा हात वळवता? मागच्या बाजूला बंदराला जागा दिसतेय."

जयमालानं हात वळवला. मनालीनं नाक ओढलं आणि आईसाठी खुर्ची सरकवली.

"बस आता. आणि नाव मी ठेवणार. तुम्ही कोणी मध्ये पडायचं नाही."