सलाईन तिला, गोळी मला

मीनाबाई कांबळे कोडोलीच्या अंगणवाडीत शिकवायची. २००९ च्या जूनमध्ये तिच्या छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली आणि कोल्हापूरच्या एका दवाखान्यात केमो सुरू झाली. दर तिसऱ्या बुधवारी सलाईनमधून औषध आणि शेवटी ऑपरेशन, असं ठरलेलं. शेजारच्या खुर्चीत गारगोटीची शालूबाई असायची. शेतकरी घरातली, वयानं दहा वर्षांनी मोठी. आजार तोच, बुधवारही तोच. दोघींचे केस एकाच आठवड्यात गेले. मीनाबाई तिला आक्का म्हणायला लागली.

ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू आला. शाळा बंद झाल्या, स्टँडवर जो तो तोंडाला रुमाल बांधून दिसू लागला. केमोनं माणूस आधीच कमजोर होतो, त्यात हा ताप आला तर वाचवणं कठीण, म्हणून कुणाची केमो चालू ठेवायची आणि कुणाची थांबवायची, याच्या याद्या दवाखान्यानं नव्यानं केल्या.

"तुमची केमो थांबवू," डॉक्टर मॅडम मीनाबाईला म्हणाल्या. "त्याऐवजी गाठीसाठी रोज एक गोळी घ्यायची आणि घरीच राहायचं. साथ ओसरली की ऑपरेशन करू."

"आणि शालूआक्काची?"

"त्यांची चालू राहील."

"तिला सलाईन आणि मला गोळी? असं का ओ?"

"दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही, बाई. तुमच्यासाठी हेच बरोबर आहे."

नवरा कृष्णात खूश झाला. सुया नाहीत, उलट्या नाहीत. मीनाबाई मात्र त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीकडं बघत बसायची. शालूबाईचा भाचा त्याच दवाखान्यात एक्स-रेला होता, ते तिला आठवलं. ओळखीची माणसं, त्यांना खुर्ची मिळणारच. आपल्याला कोण विचारतंय! आपल्याला गोळी देऊन घरी बसवलं.

बुधवारी ती मुद्दाम फोन लावायची. "आक्का, उलट्या होत्यात काय गं?"

"व्हय की. पाणीसुदीक ठरंना."

मीनाबाईला त्या उलट्यांचाही हेवा वाटायचा. उलट्या म्हणजे औषध लागू पडतंय, अशी तिची समजूत. सप्टेंबरात तिच्या डोक्यावर बारीक केस उगवले. शेजारणी कौतुक करायला लागल्या, तशी तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. आक्काचं डोकं अजून गुळगुळीत असणार, हेच तिच्या डोक्यातून जाईना.

महिना संपता संपता एका बुधवारी ती कुणाला न सांगता एसटीत बसली. तपासणीला दोन दिवस अवकाश होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅडम दिसल्या आणि तिचा तोल सुटला.

"वशिला लागतो व्हय हितं? ज्याचा भाचा कामाला त्याला औषध, आणि आमी घरात मरायचं?"

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. केमोच्या खोलीचं दार उघडलं आणि सलाईनचा स्टँड एका हातानं ढकलत शालूबाई बाहेर आली. तोंडाला मास्क, चेहरा मातीसारखा झालेला.

"त्यास्नी कशाला इचारतीस? मला इचार की." तिला दम लागला होता. "तुजी गाठ गोळीला ऐकती. माजी न्हाय ऐकत. सुई चुकली तर ती वाढणार, आणि सुई घेतली आणि फ्लू झाला तर मी जाणार. दोन्ही सांगितलं मला. मी इचार करून सही केलीया. घरात बसायला मिळतंय तुला, तर बस की! मला मिळालं असतं तर मी नाचली असती."

मीनाबाईनं मान खाली घातली. मॅडमनी तिला आत नेलं, पट्टीनं गाठ मोजली. निम्म्यानं कमी झाली होती. ते ऐकूनही तिला मान वर करता येईना.

आणि ऑक्टोबरात शालूबाईला खरंच ताप भरला. वेगळ्या वॉर्डात ठेवलं, कुणाला भेटू देईनात. मीनाबाई रोज फोन करायची. शालूबाईची सून मोना उचलायची. "आज ऑक्सिजन लावलाय, मावशी." पाचव्या दिवशी, "आज चार घोट पेज प्याल्या." बाराव्या दिवशी फोनवर आक्काचाच आवाज आला, खरखरीत. मीनाबाई घळाघळा रडली. "आक्का, मी वंगाळ बोलले गं त्या दिवशी."

"बोललीस खरं. आता सोड."

डिसेंबरात ऑपरेशनच्या तारखा लागल्या. आधी शालूबाई, तिच्यानंतर आठ दिवसांनी मीनाबाई. यादी बघताना मीनाबाईला पुन्हा आक्काचा हेवा वाटला. या वेळी तिनं ते लपवलं नाही. ऑपरेशननंतर भेटायला गेली तेव्हा खाटेशेजारी बसून म्हणाली, "खरं सांगू? ह्या वेळी पण तुजाच नंबर पयला लागला म्हणून मला जळायला झालं."

शालूबाई हसायला लागली, टाक्यांवर हात दाबून धरून हसली. "अगं, नगं हसवू, दुखतंय!"

मीनाबाईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.